सहा तासांचा जमाखर्च

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत शल्यचिकित्सा विभागाच्या वतीने केलेले भाषण)



वार्षिक अहवाल म्हटला की जमाखर्चाचे पत्रक आलेच. किती देणग्या मिळाल्या, त्या कोठे खर्ची पडल्या आणि शिल्लक काय राहिली, हे आपणांस सांगणे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे. आज मात्र आम्ही आपणांसमोर एक निराळा जमाखर्च मांडणार आहोत. त्यात जमेच्या बाजूला रुपये नसून तास आहेत, आणि तेही केवळ सहा.

आजच्या भाषणासाठी आम्ही ‘वृषणरज्जू’ हा विषय निवडला आहे. सभेला माताभगिनी उपस्थित असताना हा विषय कसा मांडावा, असा प्रश्न काही हितचिंतकांनी आम्हांस आपुलकीने विचारला. त्यांना आम्ही उत्तर दिले की, ज्या मुलाचे पोट मध्यरात्री दुखू लागते त्याच्या उशाशी बहुधा आई किंवा आजीच असते; तेव्हा हा विषय सर्वप्रथम त्यांनीच ऐकला पाहिजे.

धाराशिव हा शेतकऱ्यांचा व पशुपालकांचा जिल्हा. उस्मानाबादी शेळीने तर या जिल्ह्याचे पूर्वीचे नाव देशभर पोहोचविले. गोठ्यात बोकड अथवा गोऱ्हा खच्ची करताना पशुवैद्य कातडीवरूनच एक दोरी चाचपतो आणि चिमट्याने ती दाबतो, हे दृश्य आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. ती दोरी म्हणजेच वृषणरज्जू. जनावराच्या बाबतीत जी गोष्ट शेतकरी बोटांनी ओळखतो, तिचे नाव स्वतःच्या देहाच्या बाबतीत तो कधी उच्चारत नाही. या मौनाची किंमत किती पडते, हे आम्हांस एका मुलाने शिकविले.

काही वर्षांपूर्वीची ही घटना आहे. मुलाचे वय तेरा-चौदा वर्षांचे. आईवडील ऊसतोडीला बाहेरगावी गेलेले आणि मुलगा आजीजवळ. थंडीच्या दिवसांत रात्री दोनच्या सुमारास तो वेदनेने जागा झाला. त्याने आजीला सांगितले, “पोट दुखतंय.” आजीने ओवा दिला, कोमट पाणी पाजले. दोन उलट्या झाल्या, तेव्हा वाटी सरकली असावी म्हणून पहाटे एका जाणत्याकडून पोट चोळून घेतले. सकाळी पहिल्या गाडीने दोघे येथे आली. नऊ वाजता आमच्या बाह्यरुग्ण विभागात त्याचे पोट तपासण्यात आले. पोट मऊ होते, ताप नव्हता. इंजेक्शन व गोळ्या देऊन आम्ही त्यास घरी पाठविले. संध्याकाळी तो पुन्हा आला तेव्हा त्यास चालता येत नव्हते. त्या वेळी प्रथमच आम्ही त्याचा लेंगा उतरवून तपासणी केली. डावे वृषण सुजून, वर ओढले जाऊन आडवे झाले होते. शस्त्रक्रियेत रज्जूला दोन पूर्ण वेढे पडलेले आढळले. वृषण काळेठिक्कर पडले होते आणि ते काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. उजवे वृषण आम्ही टाके घालून जागीच स्थिर केले, जेणेकरून त्यास तरी पुढे पीळ पडू नये.

आजी शस्त्रक्रियागृहाबाहेर आम्हांस म्हणाली, “लेकरू लाजलं बघा, साहेब. मला सांगावं तरी कसं त्यानं?” तिच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे साहजिकच होते, परंतु आमच्यापाशी ते असायला हवे होते. मुलाने सांगितले नाही, हे खरे. पण आम्ही विचारलेही नव्हते. हा दोष आमचा होता आणि तो या सभेपुढे मान्य करताना आम्हांस संकोच वाटत नाही.

मुलाचे वृषण दुखत असताना त्याने ‘पोट दुखते’ असे का सांगितले? त्याचे कारण केवळ लाज हे नव्हे. ते समजण्यासाठी या रज्जूचा जन्म कसा होतो, हे पाहावे लागेल.

गर्भावस्थेत वृषणे जांघेच्या खाली नसतात. ती उदराच्या मागील भिंतीजवळ, मूत्रपिंडांच्या शेजारी तयार होतात. पुढे ती हळूहळू खाली सरकत जातात. सातव्या महिन्याच्या सुमारास ती जांघेतील एका तिरप्या बोगद्यातून बाहेर पडू लागतात आणि जन्माच्या आगेमागे अंडकोशात स्थिरावतात. माहेरच्या विहिरीचे पाणी सोडवत नाही, अशा सासुरवाशिणीप्रमाणे वृषण आपला रक्तपुरवठा मात्र मूळ स्थानाहूनच घेत राहते. म्हणून वृषणाची रोहिणी महारोहिणीपासून, मूत्रपिंडांच्या थोडी खालीच निघते आणि लांबचा प्रवास करून अंडकोशात पोहोचते. मज्जातंतूही त्याच बाजूने येतात. परिणामी वृषणाची वेदना पोटात जाणवते आणि मूत्रपिंडातून खाली सरकणाऱ्या खड्याची कळ वृषणात उतरते. त्या मुलाने खोटे सांगितले नव्हते. त्याचे पोट खरोखरच दुखत होते.

वृषण खाली उतरताना पोटाच्या भिंतीच्या थरांतून स्वतःबरोबर तीन आवरणे ओढून आणते. ही तीन आवरणे एकात एक बसून एक नळी तयार होते आणि तिच्या आत जे सामावते त्यासच आपण वृषणरज्जू म्हणतो. मधल्या आवरणात स्नायूचे धागे असतात. थंडी वाजली किंवा मांडीच्या आतील बाजूस बोट फिरविले की हे धागे आकुंचन पावून वृषण वर ओढतात. पीळ पडलेल्या बाजूस ही क्रिया सहसा होत नाही आणि तपासणीत ती खूण फार उपयोगी पडते.

रज्जूच्या आत काय असते? प्रथम शुक्रवाहिनी. ती सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची, टणक, बोटांत धरली असता सुतळीसारखी लागणारी नळी आहे. मग तीन रोहिण्या, मज्जातंतू आणि लसीकावाहिन्या. शेवटी शिरांचे जाळे. या जाळ्यास लॅटिन भाषेतून जे शास्त्रीय नाव मिळाले, त्याचा अर्थ द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखे असा होतो. आपल्या भागातील द्राक्षबागायतदारांना हे नाव पटकन उमगेल. तणावे जसे तारेला वेढे घालतात, तशा या शिरा रोहिणीभोवती गुंफलेल्या असतात. खालून परतणारे तुलनेने थंड रक्त वरून येणाऱ्या उष्ण रक्ताची उष्णता शोषून घेते आणि त्यामुळे वृषणाचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी राहते. शुक्राणूंच्या निर्मितीसाठी हा थंडावा अत्यावश्यक असतो. ज्या बालकाचे वृषण खाली उतरलेलेच नाही त्यास तो लाभत नाही. म्हणून सहा महिन्यांनंतरही अंडकोश रिकामा जाणवल्यास बालकास शल्यविशारदास दाखवावे आणि शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, फार तर दीड वर्षाच्या आत करून घ्यावी. ‘मोठा झाल्यावर उतरेल’ असे म्हणून वर्षे घालवू नयेत.

या रचनेतूनच रज्जूची तीन दुखणी उद्भवतात. त्यांपैकी पहिले दुखणे म्हणजे पीळ.

सर्वसाधारणपणे वृषण मागील बाजूने अंडकोशास चिकटलेले असते. काही मुलांत हे चिकटणे अपुरे राहते आणि वृषण देवळातील घंटेच्या लोलकाप्रमाणे मोकळे लोंबते. असे वृषण झोपेत, खेळताना किंवा काहीही कारण नसताना रज्जूभोवती फिरते. प्रथम शिरा दाबल्या जातात, रक्त साठून सूज येते, आणि मग रोहिणीही बंद होते. हा विकार नवजात बालकांत आणि त्याहून अधिक प्रमाणात बारा ते अठरा वर्षांच्या मुलांत आढळतो. सहा तासांच्या आत पीळ सोडविला तर दहांपैकी सुमारे नऊ वृषणे वाचतात. बारा तासांनंतर ही आशा निम्म्यावर येते आणि चोवीस तासांनंतर क्वचितच काही वाचते. रज्जूपुढे औषधाचे काही चालत नाही. तो पीळ हातानेच सोडवावा लागतो. डॉपलर सोनोग्राफी उपयुक्त आहे, परंतु लक्षणे स्पष्ट असताना तिच्यासाठी दुसऱ्या गावी जाऊन तास घालविणे योग्य नव्हे.

दुसरे दुखणे म्हणजे अंतर्गळ, ज्यास आपण हर्निया म्हणतो आणि खेड्यात ‘आतडं उतरलं’ असे म्हणतात. वृषणास वाट देण्यासाठी पोटाच्या भिंतीत जो सुमारे चार सेंटिमीटरचा बोगदा राहिला, तोच पुढे दुबळा ठरतो आणि रज्जूच्या सोबतीने आतडे बाहेर डोकावते. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार सुमारे चारांपैकी एका पुरुषास आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार होतो. आपल्या भागातील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतलेली असल्यामुळे हर्निया कापडाने आवळून बांधतो आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढतो. हंगाम संपल्यावर पाहू, असे तो म्हणतो. परंतु आतडे एकदा अडकले आणि आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, की त्याच्यापाशीही तासच उरतात.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महाराष्ट्राने जगाला काही दिले आहे, हे येथे अभिमानाने सांगावेसे वाटते. दुबळ्या भिंतीवर कृत्रिम जाळी बसविण्याची पद्धत जगभर रूढ झाली, तेव्हा ती जाळी गरीब रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील ग्रामीण शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून त्याची जाळी वापरली आणि आपला व सहकाऱ्यांचा अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केला. ही कल्पना पुढे आफ्रिकेत पोहोचली. युगांडामध्ये ३०२ पुरुषांवर झालेल्या चाचणीत अशी स्वस्त जाळी महागड्या जाळीइतकीच उपयुक्त ठरल्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीविनाच, रुग्णाच्या पोटावरील स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरून भिंत बळकट करण्याची पद्धत मांडली आणि २००१ मध्ये ४०० रुग्णांवरील तिचा अनुभव प्रसिद्ध केला. या सर्व पद्धतींत शल्यविशारदाचे पहिले काम एकच असते, आणि ते म्हणजे रज्जू अलगद उचलून बाजूला घेणे व तिला यत्किंचितही इजा होऊ न देणे.

तिसरे दुखणे द्राक्षवेलीसारख्या त्या शिरांचे आहे. डाव्या वृषणाची शीर मूत्रपिंडाच्या शिरेस जवळजवळ काटकोनात मिळते, तर उजवी शीर तिरपी होऊन थेट महानीलेस मिळते. त्यामुळे डावीकडे रक्त तुंबून शिरा फुगण्याचे प्रमाण अधिक असते. सुमारे १५ टक्के पुरुषांत हा दोष आढळतो आणि बहुतेकांस त्याचा काही उपद्रव होत नाही. मूल होत नाही म्हणून सुनेला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे आणि एका देवस्थानाहून दुसऱ्या देवस्थानी नेणाऱ्या कुटुंबांस आमचे सांगणे एवढेच की, त्याआधी मुलाचीही तपासणी करावी. ती सोपी आहे आणि तिला पाच मिनिटे लागतात.

आता ज्या शस्त्रक्रियेचे नाव घेताच पुरुष उठून जातात तिच्याविषयी थोडेसे. ‘नसबंदी’ हा शब्दच मुळात दिशाभूल करणारा आहे. तीत कोणतीही नस कापली जात नाही. रज्जूतील इतक्या सर्व घटकांपैकी केवळ शुक्रवाहिनी बांधून छेदली जाते. पुरुषत्व देणारा अंतःस्राव रक्तातून वाहतो, शुक्रवाहिनीतून नव्हे. तेव्हा दाढीमिशा, जोम, संसारसुख आणि कष्ट करण्याची ताकद पूर्वीप्रमाणेच राहते. बोकडाच्या बाबतीत चिमटा संपूर्ण रज्जूच्या रक्तवाहिन्या चिरडतो आणि वृषण सुकते. माणसाच्या नसबंदीत रक्तवाहिन्यांना धक्काही लावला जात नाही. गोठ्यात पाहिलेल्या त्या दृश्याने शेतकऱ्याच्या मनात भीती बसली आणि १९७६-७७ मधील आणीबाणीच्या सक्तीने ती दृढ झाली. त्या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य पुरुषांवर होत्या. त्याची प्रतिक्रिया आजही संपलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रिया शस्त्रक्रियेच्या आधारे कुटुंबनियोजन करतात, तर पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा वाटा ०.३ टक्के आहे. बिनटाक्याची पुरुष नसबंदी काही मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. मात्र पुढील तीन महिने अन्य साधन वापरून, वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत याची खात्री करून घ्यावी लागते. सक्ती कोणावरही नसावी. परंतु चुकीच्या समजुतीपायी सारा भार पत्नीच्या पोटावर टाकला जाऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.

आता आरंभी सांगितलेल्या जमाखर्चाकडे वळू. त्या मुलाच्या खात्यावर रात्री दोन वाजता सहा तास जमा होते. लाजेने आणि घरगुती उपायांनी त्यातील चार तास घेतले. पोट चोळण्यात आणि गाडीची वाट पाहण्यात उरलेले दोन गेले. आमच्या दारात तो पोहोचला तेव्हा खाते रिकामे झाले होते. तरीही त्याच क्षणी ओळखले असते तर काही आशा होती. ती आम्ही दवडली. परांडा, भूम, वाशी, कळंब, लोहारा, उमरगा, तुळजापूर आणि धाराशिव या आठही तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून शस्त्रक्रियागृहापर्यंतचे अंतर लवकर कमी होणारे नाही. दूरच्या गावांस तर बार्शी, सोलापूर किंवा लातूर गाठावे लागते. रस्त्यावरचे तास आपल्या हाती नाहीत. घरातले आणि रुग्णालयातले तास आहेत.

त्या घटनेनंतर आमच्या विभागाने एक नियम घालून घेतला. पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाची संपूर्ण तपासणी होईल. ती पडद्याआड, आस्थेने आणि मुलास आधी सांगून केली जाईल. वृषणात कळ आहे असे कळताच रांग, केसपेपर आणि अनामत रक्कम हे सारे नंतर पाहिले जाईल. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. पैशांअभावी कोणी दारात थांबू नये, हा या तरतुदीचा हेतू आहे. देणगीदारांच्या औदार्यामुळेच तो आम्हांस पाळता येतो. रात्रीच्या वेळी भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृहातील कर्मचारी जागे ठेवणे हा खर्चाचा भाग अहवालात फारसा नजरेत भरत नाही. परंतु आपल्या देणगीतील जो रुपया रात्री दोन वाजता उपयोगी पडतो, त्याचे मोल आम्ही जाणतो.

कुटुंबीयांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मुलाने पोटदुखी आणि उलटी सांगितली तर ‘खालीही दुखते का?’ असे स्पष्ट विचारावे. अचानक कळ उठली असेल तर चोळू नये, शेकू नये, सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात उपलब्ध आहे, ती तत्काळ बोलवावी. आणि निघण्यापूर्वी मुलास खाण्यापिण्यास काही देऊ नये, म्हणजे भूल देण्यास विलंब होणार नाही. शिक्षक आणि वसतिगृहांचे अधीक्षक यांनी हेच मुलांना आधीच सांगून ठेवावे. आईवडील हंगामावर गेलेले असताना मुलांचे पालकत्व त्यांच्याकडे, आजीआजोबांकडे आणि काही अंशी आपणा सर्वांकडे असते.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. एक वृषण निरोगी असले की पुरुषत्वात आणि संततीत सहसा उणे पडत नाही, हे आम्ही त्यास आणि त्याच्या वडिलांस समजावून सांगितले होते. वडील हंगाम अर्धवट टाकून आले होते. सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले की, त्याच्या धाकट्या भावालाही हे होऊ शकते काय? आम्ही होय म्हणालो. हा दोष कधी कधी भावाभावांत आढळतो. तेव्हा त्यांनी आमच्यासमोरच धाकट्यास जवळ घेतले आणि कोठे दुखले तर काय सांगायचे, ते त्या जागेचे नाव घेऊन, मोठ्याने सांगितले.